सांडूची घोडी आणि गोकुळचा आल्बम

नाय, मी तो आल्बम ऐकलेला नाय. घरघरच ऐकायची तर आमचं जनरेटर काय कमी हाय?

सौ. मनकर्णाबाईस दादाचा आशीर्वाद. गुडघे कसे हायेत? दाजींचा खोकला बसला का? इकडं समदे खुशाल, माझी दाढ सोडून. फोन केला नाय, कारण आमचं रत्न तुझ्या शेजारीच बसलेलं असंल अन् कान देऊन ऐकंल. म्हणून कागद.

तर गोकुळ वैजापूरला का आला ते त्यानं आत्याला त्याच्या परीनं सांगितलंच असंल. आता बापाचं ऐक. आपल्या बँडात कॅसिओ वाजवता वाजवता त्यानं एकट्याचा आल्बम काढला. गाणं नाय, चाल नाय, ढोल नाय. लाइटच्या गाडीचं जनरेटर, कुलरचा पंखा, बोअरची मोटार, समदं कॉम्प्युटरात कालवलं अन् मोबाइलवरनं जगाला वाढलं. बँडाचं नाव बुडवलं म्हणावं, तर त्यात बँडाचं नाव टाकलंच नाय. (त्याचाबी राग आला. असो.)

तुला ठाऊक हाय, बाबांपासून आपल्यात रीत हाय, नवी चाल आधी घोडीला ऐकवायची. घोडी बिचकली की चाल बाद. गोकुळ म्हणला, "अप्पा, मपलंबी घोडीपुढं लावा. पास-नापास तिलाच ठरवू द्या." म्हणलं, लाव. फुलंब्रीच्या वरातीत लावलं. सांडूची घोडी बिचकली नाय, मनकर्णे. तिनं कान टवकारले, डोळे मिटले अन् भर चौकात खांबासारखी उभी राहिली. सांडूनं ओढली, हरभरा दाखवला, नवरदेवानं टाचा मारल्या. हूं का चूं नाय. तिकडं मांडवात मुहूर्त टळला. नवरीचा मामा पळत चौकात आला अन् म्हणला, "बँड आणलाय का पिठाची गिरणी?" लोक फिदीफिदी हसले. माझंबी तोंड सुटलं, चारचौघांत म्हणलं, "बंद कर रे तुझी गिरणी!" त्यानं बंद केली, मशीन पिशवीत घातली अन् तुझ्याकडची एसटी धरली. नवरदेव पायी गेला. घोडी अर्धा तास तिथंच, पुढचं कधी लागतंय म्हणून वाट बघत.

अन् आता आमच्या मोनिकानं भावाचं कौतुक मोबाइलवर वाचून दाखवलं. पुण्याच्या कुणा जाणकारानं लिहिलंय, 'यंत्राच्या पोटातला एकांत'. कशाचा एकांत? ऑइल बदललं नाय म्हणून ठसकतंय ते! पाचातले चार तारे दिले. एक का कापला, तर म्हणे शेवटी एक थकलेलं क्लॅरनेट मधीच कडमडतं, ते नको होतं. थकलेलं! चाळीस वर्षं फुंकतोय मी. त्या गृहस्थाला दोन वराती फुंकायला लाव, मग बघू कोण थकतंय.

बाकी काय नाय. दाजींना रामराम.

तुझा दादा,
सर्जेराव

ता.क. तुळशीची लग्नं झाली की पहिली वरात हाय अन् कॅसिओला माणूस नाय. गोकुळला पाठव. मी बोलावलं म्हणू नको, सांडूची घोडी बोलावती म्हण. खोटं नाय ते. ती आता आमच्या एकाबी चालीला कान हलवत नाय, रुसलेल्या सुनंगत चालती.

आणखी एक. त्याला सांग, पुण्याच्या माणसाचं ऐकून ते क्लॅरनेट काढलंस तर याद राख. नवव्या मिनिटाला जनरेटर बंद पडतं अन् त्या शांततेत ते एकटंच वर चढत जातं, तिथं हात लावायचा नाय. मी तसं वाजवत असताना त्यानं कधी गुपचूप भरून ठेवलं, देव जाणे. ऐकल्याबिगर नववं मिनिट कसं ठाऊक, असं तू विचारशील. विचारू नको. सांगणार नाय.