अक्षरपाटी आणि शनिवारचं तेल

रत्नागिरी,
शुक्रवार, दुपार

प्रिय सुमन,

तुझ्या खुर्चीवरची पाटी त्या दिवशी खाली का आली, ते काल कळलं. वसंताने स्वतः पाटीच्या खांबाचं कडं उघडून पाहिलं आणि खात्री करून सांगितलं. बोल्ट घट्ट होते. कड्याच्या आत तेल होतं. खोबरेल.

तुझ्यासाठी ही बातमी शिळी आहे, हे मला आता समजतंय. तुला ती इस्पितळातच माहीत होती. मग मला अर्धीच का सांगितलीस?

उद्या शनिवारी खुर्ची लांज्याला चाललीय. ती घराबाहेर पडण्याआधी तुला लिहायला हवं होतं. आयुष्यभर वर्तमानपत्राला वेळेवर मजकूर दिला, हाही वेळेवर देतोय.

खुर्ची आली तो दिवस आठवतो? तुझ्या मामेभावाने परदेशातून जहाजाने पाठवलेली, बॅटरीवर चालणारी. रत्नागिरीत तशी कुणी पाहिली नव्हती. तोवर तुझे पाय गेले होते, जीभ गेली होती, डावा हातही मांडीवर पडून असायचा. मज्जातंतू सुकत जातात, यावर औषध नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. उरला होता उजवा हात. त्या हाताने तू खुर्चीची दांडी पुढे ढकललीस आणि माजघरातून थेट अंगणात गेलीस. मागे वळून बघितलंही नाहीस.

पण बोलायचं तर पाटी लागायची. मी प्लायवूडवर रंगवलेली ती अक्षरं, आणि बाजूला घाईचे शब्द: पाणी, नको, पुरे. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, तुझ्या हाताला सगळ्यांत जवळ, तू मला एक चौकोन काढायला लावलास आणि त्यात लिहून घेतलंस, ‘अहो’. त्यावर नखाने टकटक केलीस की मी हातातलं काम टाकून यायचो.

खुर्ची चालायला लागली की पाटी मांडीवरून घसरायची. कुणीतरी ती धरून शेजारून चालावं लागे. तू वैतागून एकेक अक्षर दाखवलंस, “चालू की बोलू? एक काय ते सांगा.”

मी आंब्याच्या पेट्यांची सुतळी आणून पाटी खुर्चीच्या हाताला बांधली. ती पहिल्याच दाराला अडकली आणि चौकटीचा टवका उडाला. तू हसलीस. आवाज येत नव्हता, पण खांदे हलत होते.

मग गणपतीला वसंत आला. तुझा भाऊ मुंबईच्या गोदीत फिटर, त्याला असली कामं म्हणजे खेळ. हातखंब्याच्या एका वर्कशॉपात बसून त्याने पाइपचा खांब केला. खुर्चीच्या डाव्या बाजूला दोन अर्ध्या वाट्यांचं कडं, त्यात खांब आवळलेला, आणि खांबावर तुझ्यासमोर आडवी पाटी. तुला उचलायचं झालं की ती बाजूला वळवता यायची. त्याने आम्हा सगळ्यांना उभं करून बजावलं होतं. पाटी वळवण्याआधी खुर्चीचं बटण बंद करा. दांडीच्या वर काही लोंबू देऊ नका. पाटीवर चहाचा कपसुद्धा ठेवू नका. बोल्ट अधूनमधून तपासा. तेलाबद्दल तो बोलला नाही. मुंबईत कोण कशाला तेल घालतंय?

ते दिवस बरे गेले, नाही? भाट्याच्या रस्त्याला तू पुढे आणि मी मागे. मध्येच थांबायचीस, बोलायचीस, पुन्हा निघायचीस. कोळणीसमोर थांबून तू अक्षरं दाखवलीस आणि मी वाचून दाखवलं, बांगडे कालचे आहेत. कोळीण माझ्याकडे न बघता तुलाच म्हणाली, “बाय बोलत नाय ता बरा हाय. बोलली असती तर माजो धंदोच बसलो असतो.” घरी येईपर्यंत तुझे खांदे हलत होते.

आणि आई. तिचा शनिवार तुला ठाऊक आहे. मारुतीला तेल वाहून आली की बाटलीत उरलेलं ती वाया जाऊ देत नाही. दारांच्या बिजागऱ्या, विळी, अडकित्ता, शिवणाचं मशीन. खाऱ्या वाऱ्यात इथे लोखंड टिकत नाही, म्हणून तिच्या सासूनेही हेच केलं. खुर्ची आली तशी खुर्चीही त्या रांगेत बसली. “गंजतं गो सगळं,” म्हणत ती तुझ्या गुडघ्याशी वाकायची आणि चाकांना, कड्याला, बोल्टांना थेंब सोडायची. मारुतीचं तेल, म्हणजे तर औषधच. तू वरून बघत असायचीस. तुलाही त्यात वावगं दिसलं नसणार.

काल वसंताने कड्याची वाटी बोटाने पुसली, वास घेतला. मग म्हणाला, हे कडं नुसत्या आवळण्यावर धरतं, आत तेल गेलं की बोल्ट कितीही घट्ट असू दे, खांब हळूहळू खाली सरकणारच.

तो आपल्या गल्लीच्या उतारावर सरकला. पाटी खाली आली आणि तिचा उजवा कोपरा दांडीवर बसला. खुर्ची पुढे धावली. तुझा हात पाटीखाली अडकलेला, आणि ओरडायला आवाज नाही. मी फाटक लावत होतो. वळून पाहिलं तोवर तू रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आदळली होतीस.

मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर तू खुर्चीत बसली नाहीस. पडून राहून छाती भरली आणि सगळं संपलं.

इस्पितळात मी तुझ्यापुढे पाटी धरली होती. तू दाखवलंस, “आईंना सांगू नका.” मी विचारलं, काय सांगू नको? तू ‘पुरे’वर बोट ठेवलंस. मला वाटलं, डॉक्टर जे म्हणाले ते सांगू नको म्हणतेयस. तू तेलाचं म्हणत होतीस. तुझं बोट थकलं होतं, सुमन, की तू मुद्दाम थांबलीस? माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता?

तू गेल्यापासून आई वसंतालाच दोष देते. काल तो आला तेव्हा तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “तुझ्या त्या नळीनं खाल्ली रे माझी सून.” त्याने मान खाली घालून चहा प्यायला. दुपारी कड्यातलं तेल पाहिल्यावर मी आईला हाक मारायला वळलो, तर त्याने माझं मनगट धरलं.

“राहू दे भावजी. मी आज रातराणीने जाईन मुंबईला. आईंना ह्याच घरात राहायचंय.”

दोघंही बहीणभाऊ सारखेच. मधल्यामध्ये मी कुणाला काय सांगू?

खुर्ची जिच्याकडे चाललीय ती शालिनी, लांज्याची शिवणकाम करणारी बाई. तिची जीभ गेलीय, पाय गेलेत, उजवा हात अजून आहे. तिचा भाऊ खुर्ची बघायला आला होता. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने अंगणात हळू आवाजात सांगितलं. तेच वाक्य, सुमन. मी त्याला धीर दिला नाही. माझ्याकडे नव्हता.

कालच वसंत खांब आणि कडं हातखंब्याला घेऊन गेला. कडं आणि खांब यांतून आरपार भोक पाडून त्याने जाड पिन घातली. आता तेलाची अख्खी बाटली ओतली तरी खांब खाली यायचा नाही. एवढी एक पिन. एवढंच हवं होतं.

तरी त्याचं समाधान झालं नाही. पाटी कधी कलंडली तरी दांडीपर्यंत पोचता कामा नये, म्हणून उजवा खालचा कोपरा कापायला हवा होता. करवत हातात घेऊन त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काप म्हणालो.

तुकडा माझ्या टेबलावर आहे. तुझ्या नखाने त्यावरचा रंग घासून पांढरा केलाय.

उद्या सकाळी टेंपो येईल. आईने आत्ताच बाटली भरून खुर्चीपाशी ठेवलीय आणि मला बजावलंय, त्यांना सांग, दर शनिवारी घालत जा म्हणावं. शालिनीचा हात चालेल तोवर ती बोलेल. मग तिचा भाऊ खुर्ची परत आणून देईल, तसं ठरलंय. आई तेव्हाही पुसून तेल घालेल.

मी आईला सांगणार नाही. बाटली तिच्या हातून घेईन आणि टेंपोत ठेवीन. लांज्याला पिन स्वतः बसवीन, बटण, दांडी, पाटी सगळं शालिनीला दाखवीन, आणि तेल फक्त चाकांना घाला, असं तिच्या भावाला बाजूला घेऊन सांगेन. हा माझा शब्द.

आता पाटीवर मी नाही. कुणी टकटक करणारही नाही.

तुझा,
अहो