उचललेला सहा

प्रिय धाकट्या,

मागचं पत्र परत आलं. पाकिटावर लाल शिक्का आणि खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, मजकूर सांकेतिक. तुझे बाबा ते पाकीट बराच वेळ उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, घे, या वयात तू हेर झालीस! पुष्कळ महिन्यांनी त्यांना हसताना पाहिलं. चूक माझीच. पानभर एक्स, कंस आणि अधिक-उणे बघून तुरुंगाच्या कचेरीतल्या माणसाला वाटलं असणार, म्हातारी मुलाला गज कापायचा बेत कळवतेय. म्हणून या खेपेला सगळं अक्षरांत लिहिते आहे. हे पत्र तुझ्याआधी वाचणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार. साहेब, यात एक गणित आहे आणि बाकी आईचं बोलणं आहे. पाकीट मात्र तेच आहे, उलटं करून चिकटवलंय. एक बाजू कोरी होती, टाकवेना.

घरी सगळे ठीक. मोरीचा नळ गळत होता, बाबांनी स्वतःच वायसर बदलला आणि दिवसभर मिरवले. ताई येऊन गेली, तिने तुझी खोली झाडली. मी नको म्हटलं नाही. बाबा तुझं नाव घेत नाहीत अजून. पण तुझं पत्र आलं की आधी चष्मा शोधतात, मग मला म्हणतात, वाच की मोठ्याने, मला काय, मी आपला बसलोय.

तुझ्या पत्रातली ती ओळ मात्र मी त्यांना वाचून दाखवली नाही. ‘आई, मी परीक्षेतून नाव काढून घेतो.’ शनिवारी येणारे मास्तर चांगले आहेत, असं तूच लिहिलं होतंस. वर्ग त्रिपदीचे अवयव पाडताना पहिल्या पदाला आकडा नसला की जमतं, आणि आकडा आला की डोकं गरगरतं, असंही लिहिलंस. मग खाली लिहिलंस, ‘माझ्यासारख्याने पास होऊन कुणाचं काय भलं होणार आहे?’ गणित अडलंय म्हणून तू सोडत नाहीयेस, हे मला कळतं. पण गणिताचं निमित्त तेवढं मला काढून घेता येईल, असं वाटलं. उरलेलं तुझं तू बघशील.

शाळेतही तू इथेच अडकला होतास. मी जुनी मॅट्रिक. आम्हाला मधलं पद फोडायला शिकवलं होतं. पहिला आणि शेवटचा आकडा गुणायचा, मधलं पद दोन तुकड्यांत मोडायचं, मग दोन-दोन पदांचे गट करून सामाईक बाहेर काढायचं. गट करताना तुझी चिन्हं चुकायची, आणि तू पेन्सिलीचं टोक मोडून उठायचास. परत आलेल्या पत्रात मी तेच पुन्हा समजावलं होतं. परत आलं ते बरंच झालं म्हणायचं. कारण त्यानंतर मला याहून सोपी रीत मिळाली.

तुझं जुनं पुस्तक काढलं आणि त्याला कागदाचं कव्हर घातलं. दुपारी आपल्या घरात अंधार असतो, दिवा लावायचं जिवावर येतं, म्हणून जिन्याच्या मधल्या खिडकीपाशी पायरीवर बसून गणितं करायला लागले. येणारी-जाणारी बघायची. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, काय हो, कलेक्टर व्हायचंय का? मी म्हटलं, हो, तुमचा जिना जप्त करणार आहे पहिला. अशीच एकदा अडून बसले होते, तर पाठीमागून कुणीतरी म्हणालं, काकू, मधलं फोडत बसू नका. सहा उचला आधी.

ती रीत सांगते. कागद घे आणि माझ्याबरोबर मांडत चल. गणित असं आहे: सहा एक्स वर्ग, अधिक अकरा एक्स, अधिक चार. पहिला सहा उचल आणि त्याने शेवटच्या चारला गुण. चोवीस. आता पुढे सहा नाहीच असं समज. उरलं एक्स वर्ग, अधिक अकरा एक्स, अधिक चोवीस. हे तर तुला येतं! गुणाकार चोवीस आणि बेरीज अकरा देणारे दोन आकडे कोणते? आठ आणि तीन. दोन कंस मांड: एक्स अधिक आठ, एक्स अधिक तीन. आता उचललेला सहा परत करायचा. आठाखाली छेद सहा, तिनाखाली छेद सहा. अपूर्णांक लहान कर. आठ छेद सहा म्हणजे चार छेद तीन, तीन छेद सहा म्हणजे एक छेद दोन. जो छेद उरला तो त्याच कंसातल्या एक्सपुढे नेऊन ठेव. एक कंस झाला तीन एक्स अधिक चार, दुसरा दोन एक्स अधिक एक. संपलं. ना गट, ना सामाईक.

आणि ताळा बघ. दोन्ही कंस गुण, सुरुवातीचं गणित जसंच्या तसं परत यायला हवं. घरखर्च लिहितानासुद्धा मी बेरीज खालून वर एकदा करून बघते, तेव्हा कुठे वही मिटवते. पहिल्या दिवशी माझा ताळा जमेना. शेवटी चोवीस येत होते, चार येईनात. मी आठ आणि तीनवरच थांबले होते. ही रीत सांगणारी मुलगी वरच्या पायरीवरून वाकून म्हणाली, काकू, सहा कुठे ठेवलात? पदराला बांधलात की काय? उचलायची घाई सगळ्यांना, ठेवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

मी हसले, आणि हसता हसता थांबले. ती कोण आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं, रे. तुला कसं सांगावं, म्हणून नळ आणि वायसर लिहीत बसले.

खालच्या दुकानाचं शटर अजून बंद आहे. तुला शिक्षा झाली त्यानंतर एकदाच उघडलं होतं, लोकांची दुरुस्तीला दिलेली घड्याळं परत द्यायला. घड्याळवाल्या वहिनींनी ती एकेक पुसून दिली. त्या सकाळी तू मालाची गाडी मागे घेत होतास, हातात फोन होता, आणि घड्याळवाले काका शटर वर करायला खाली वाकले होते. तू कोर्टात काही नाकारलं नाहीस, तेवढाच मला आधार. तेव्हापासून वहिनी दिसल्या की मी मागच्या जिन्याने जाते. देवासमोर बसले की तुझी सुटका मागत नाही. काकांचं नाव घेते, मग त्या मायलेकींचं, मग तुझं. हा क्रम मी कधी मोडला नाही.

ती त्यांची मुलगी. कॉलेजात जाते आता, काकांसारखीच मान तिरकी करून बघते. वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती, आणि बोलली ती हे. मग रोजच कॉलेजातून येताना वरच्या पायरीवर टेकायची, मी एक गणित करायचे, ती बघायची. कशाला शिकता, कुणासाठी, तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सांगितलं तर उठून जाईल अशी भीती वाटायची, आणि न सांगता तिच्याकडून घेत राहायचं हे देवाला कसं चालेल, याचीही. शेवटी एक दिवस वही मिटवली आणि म्हटलं, बाळ, हे ज्याच्यासाठी चाललंय त्याचं नाव ऐकलंस तर... ती मध्येच म्हणाली, काकू, तुम्ही कधीच्या मॅट्रिक झालात, परीक्षा कुणाची आहे ते मला कळतं. कव्हर तर इतकं पातळ घातलंय की खालचं नाव सरळ वाचता येतं. मग म्हणाली, ही रीत बाबांची आहे. दुकानात त्यांच्या टेबलाशी बसून शिकले मी. सहा ठेवायला विसरले की भिंग डोळ्यावरून न काढता ओरडायचे.

 हात जोडायला गेले तर तिने धरले आणि खाली केले. मग मी तिला तुझी ती ओळही सांगितली, परीक्षेतून नाव काढून घेण्याची.

हे पत्र मी तिच्या सांगण्यावरून लिहिते आहे. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं कबूल केलंय, तेव्हा तुला लागलं तरी वाच. ती म्हणाली, मी त्याला माफ केलेलं नाही, आणि पुढे करीन की नाही मला माहीत नाही, हे आधी लिहा. माझ्या आईला यातलं काही माहीत नाही, हेही लिहा. पण बाबांकडे शिकायला बसलेलं कुणी गणित अर्धं टाकून उठलं, तर त्यांना खपायचं नाही. त्याला म्हणावं, आता बाबांची रीत घेतलीस, तर नाव काढायचं नाही. तिने तुला एक गणित घातलंय, साहेबांसाठी अक्षरांत लिहिते: बारा एक्स वर्ग, अधिक सतरा एक्स, अधिक सहा. तुझ्या हाताने सोडवून पाठव, सगळ्या पायऱ्या दाखव. उत्तर मी तपासायचं नाही, ती तपासणार आहे. मी जिन्यात वाट बघते. बारा जागेवर ठेवायला विसरू नकोस, बाळा.

तुझीच,
आई