‘शिडी’वर कोणी चढायचे

मी, खाली सही करणारी, धंद्याने नाटककार, डोळ्यांनी अधू पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. भाच्याने आणून पाहिला, त्याचे पुढे येईलच. याआधी मी मृत्युपत्र केल्याचे कोणी सांगितल्यास तो थापा मारतो आहे असे समजावे.

१. राहते घर माझ्यामागे यजमानांनी हयातभर वापरावे, नंतर ते मुलीचे. यजमान म्हणजे नाट्यगृहातले दिवेवाले. मुलीने त्यांना आपल्या घरी नेण्याचा हट्ट धरू नये. खिडकीतून नाट्यगृहाचे मागचे दार दिसले नाही तर त्यांना जेवण जात नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलीची. लहानपणी प्रत्येक नाटकाच्या पाटीखाली उभी राहून ती विचारायची, “आई, म्हणजे काय गं?” मी म्हणायचे, “प्रयोग बघ आणि तूच मला सांग.” ती सांगायची, आणि ते मी लिहिलेल्यापेक्षा मोठे निघायचे. त्याचा मोबदला राहून गेला होता.

३. माझे भिंग समीक्षकांना द्यावे. ‘शिडी’ म्हणजे मध्यमवर्गाची वर चढण्याची हाव, असे लिहून त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि पुढच्या प्रत्येक नाटकाला नाक मुरडले. भिंगाने त्यांना शिडी पुन्हा एकदा नीट बघता येईल.

४. ‘शिडी’चे प्रयोगाचे हक्क भाच्याला. तो दिग्दर्शक आहे आणि हे वाचताना थेट याच कलमावर उडी मारणार. बाबा रे, आधी बस.

नाटकात एकच खोली आहे. कोपऱ्यातल्या खाटेवर आई हाका मारते आणि भांडणारी मुले तीन अंक तिच्याजवळ फिरकत नाहीत. मधोमध एक शिडी उभी असते, तिच्यावर कोणी चढत नाही. भाचा गेली कित्येक वर्षे माझ्या मागे लागला आहे. “मावशी, शेवटी एकाला तरी चढू दे गं! लोक त्याचीच वाट बघतात.” मी म्हणायचे, “मी मेल्यावर बघ.” तर ती वेळ आली आहे.

मी लिहिलेल्या नाटकात शिडी नव्हती. नाव होते ‘उद्याची सोय’. एका तालमीला येऊन बघते तर रंगमंचावर शिडी तशीच उभी, वरचा दिवा वाकडा, त्याचा झोत भलत्याच जागी, शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर पडलेला, आणि दिवेवाले गायब. तेव्हा आमचे लग्न झाले नव्हते, पण हा माणूस साधी पक्कडसुद्धा मागे सोडत नाही हे मला ठाऊक होते. तालीम तशीच सुरू केली. नट शिडीला वळसा घालून चालू लागले, आपोआप हळू बोलू लागले. माझ्या अंगावर काटा आला. संध्याकाळी मी पाटीवरचे नाव बदलले आणि दिव्यालाही कोणाला हात लावू दिला नाही.

पहिल्या प्रयोगाला एक गृहस्थ उभे राहून ओरडले, “अहो, कुणीतरी चढा ना!” कोणाला त्या शिडीत देव दिसला, कोणाला नोकरी. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, “ते आमचे हे.” मला स्वतःला काहीच माहीत नव्हते. मी तोंडाला कुलूप लावले आणि लोकांना ते फार खोल वाटले.

गेल्या आठवड्यात हे कलम लिहिताना यजमानांना विचारले, “अहो, तुम्ही त्या दिवशी शिडी विसरलात कशी?”

“विसरलो नव्हतो. वर होतो मी. दारवान खालून म्हणाला, आई बोलावतेय, फार वेळ नाही. दिवा अर्धाच फिरवला होता. तसाच सोडला, उतरलो, पळालो.”

“मग?”

“पोचलो ना. हात हातात घेऊन म्हणाली, ‘आलास? किती काळे केलेस रे हात.’ मग गेली. दिवा सरळ करत बसलो असतो तर तेवढंही हुकलं असतं.”

“इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस कधी? आणि लोक इतकं छान छान बोलत होते.”

मी पेन खाली ठेवले. आम्ही सगळे ती शिडी चढायची म्हणून बघत आलो, आणि ती उभी होती एक मुलगा आईसाठी उतरला म्हणून. कोणाच्याच आईकडे कोणी जात नाही अशा माझ्या नाटकात! नाव मी दिले, पण मी कशाला नाव देते आहे हे मला कळलेले नव्हते. त्या दिवसापासून मी थक्क आहे, थोडी घाबरलेलीही आहे.

म्हणून भाच्याला अट: प्रयोगात शिडीवर कोणी चढायचे नाही. दिवा सरळ करायचा नाही. मात्र दर प्रयोगाला, पडदा उघडण्याआधी, कोणीतरी त्या शिडीवरून उतरून निघून जावे. प्रेक्षकांना हे दाखवू नये, सांगूही नये. ज्याची त्याची शिडी त्याच्यापाशी राहू द्यावी. गुडघे साथ देतील तोवर हे काम यजमानांचे. खालच्या पायरीवरून उतरले तरी चालेल.

५. मुलीचे पालुपद आहे, “आई, एवढं आटपलं की येतेच.” माझ्यामागे बाबांनी बोलावले तर तिने आटपत बसू नये.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल.
तारीख: चौदा, मंगळवार, सकाळ.
सही: नाटककार
साक्षीदार: १. वकीलबाई २. शेजारचे शिंपी

मला नीट दिसत नसल्याने सहीवर दिवा यजमानांनी धरला. वारस असल्यामुळे त्यांची साक्ष घेतलेली नाही. दिवा वाकडा पडत होता. वकीलबाई सरळ करायला गेल्या, मी करू दिला नाही.