पाच म्हणेपर्यंत

शनिवार, १२ एप्रिल

पोचलो एकदाचे. सहा तासांचा रस्ता, धाकट्याच्या दोन उलट्या, थोरलीचं दर वळणाला 'अजून किती राहिलं', आणि तरीही गाडीतून उतरले तेव्हा मला चक्क बरं वाटलं. उंच झाडं, गार हवा, समोर घोटाभर पाण्याचा स्वच्छ ओढा आणि पलीकडच्या काठाला माणसाच्या डोक्यावर गेलेलं लव्हाळं. तिकडे पाणी खोल आहे म्हणे, म्हणून मुलांना अलीकडच्या मोठ्या दगडापर्यंतच जायची परवानगी. आसपास दुसरं एकही कुटुंब नाही. मोबाईलला रेंज नाही. ही वही नणंदेने दिली आहे. मुलांचा तंबूतला पहिला मुक्काम रोजच्या रोज लिहून ठेव, मोठी झाली की वाचतील, म्हणाली. बोलायला तिचं काय जातंय. तरी लिहितेय.

नवऱ्याने महिनाभर घरात सोफा सरकवून तंबू उभारायचा सराव केला होता. इथे आल्यावर कळलं की एक दांडी सोफ्याखालीच राहिली. तिच्या जागी वाळकी फांदी लावली आहे, त्यामुळे आमचा तंबू एका खांद्याने पडलेला दिसतो. मी काही बोलले नाही. पहिला दिवस आहे.

राखणदाराची खोली इथून पायी तासाभरावर, डांबरी रस्ता सुटतो तिथे. रजिस्टरमध्ये सही घेताना त्याने मुलांकडे बघितलं आणि मला सांगितलं की इथे पोरांना लांबून बोलवत बसू नका, जाऊन हाताला धरून आणा. आम्ही निघालो तर गाडीच्या काचेशी येऊन पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. बारा वर्षं बालवाडी सांभाळतेय मी. बावीस पोरं पाच आकड्यांत रांगेला लावते. माझी पद्धत ठरलेली आहे: खाली बसायचं, डोळे मिटायचे आणि सावकाश एक ते पाच म्हणायचं. डोळे मिटायचे, कारण उघडे ठेवले की पोरं चेहरा वाचतात आणि घासाघीस सुरू करतात. घरी या दोघांना माझा एकेक गुडघा वाटून दिला आहे, डावा थोरलीचा, उजवा धाकट्याचा. पाच म्हणेपर्यंत ज्याचा हात त्याच्या वाटणीच्या गुडघ्याला लागलाच पाहिजे. हे सगळं मी राखणदाराला ऐकवणार होते, पण नवऱ्याने गाडी दामटली.

तरी दिवस छान गेला. मुलं जेवताना पेंगली. पाच दिवस असेच गेले तर मी नणंदेला स्वतः फोन करून शाबासकी देईन.

रविवार, १३ एप्रिल

कालचं बरं वाटणं सकाळी सहाला संपलं. तंबूची चेन अडकली, आम्ही चौघं आत, आणि धाकट्याला घाईची लागलेली. पुढचं लिहीत नाही, मोठेपणी त्यालाच वाचायचंय. थोरलीने अंडी उबवायला म्हणून अंथरुणात घेतली होती, त्यातली सात फुटली. स्टोव्ह पेटेना तेव्हा नवरा माहितीपत्रक घेऊन बसला. ते चार परक्या भाषांत आहे, त्यातली एकही त्याला येत नाही, तरी त्याने शेवटपर्यंत वाचलं. धाकटा झाडामागे बसायला तयार नाही, कारण झाड बघतं. मग मी झाडाचे डोळे झाकायला टॉवेल धरून उभी राहिले. याला म्हणे सुटी.

नवरा दोन झाडांमध्ये जाळीचा झोपाळा बांधून त्यात पडला आहे. मुलांना निसर्गात मोकळं सोडावं, असं त्याचं मत आहे. मोकळ्या सोडलेल्या मुलांचे कपडे पिळायला निसर्ग येत नाही, मी येते.

दुपारी जेवायला बोलावून बोलावून माझा घसा सुकला. दोघं ओढ्यात. ब्रेड वाळला, सूप गार. शेवटी तंबूसमोर उकिडवी बसले, डोळे मिटले आणि सुरू केलं. एक, दोन, तीन, चार. पाचाला उजव्या गुडघ्यावर हात आला. छोटा, ओला, फार गार. शहाणा गं माझा तो, म्हणत मी डोळे उघडले. समोर कोणी नव्हतं. दोघंही तीसेक पावलांवर दगडापाशी पाठ करून उभी होती.

पँटवर ओला ठसा होता. बेडूक असणार. ठसा बोटांचा होता, पण बोटं बेडकालाही असतात. नवरा म्हणाला, फांदीवरून पाणी पडलं असेल. बरोबर पाचाला? पण खरं सांगायचं तर ठशापेक्षा मला राग याचा आला की बारा वर्षांत पहिल्यांदाच पाच म्हणून माझं मूल आलं नाही.

सोमवार, १४ एप्रिल

आवाज बसलाय. घोगरा येतोय, तोही जोर लावला तर. दिवसभर ओरडायचं म्हणजे काय होणार. बूट घाला, काठी डोळ्यांपासून लांब धरा, भावाच्या कानात माती घालू नको. गरम पाण्याच्या गुळण्या करायच्या तर स्टोव्ह पुन्हा रुसला आहे.

आज तीनदा मोजलं. पहिल्यांदा सकाळी दात घासायला. पाचाला दोन्ही गुडघ्यांवर हात आले. इतकं हायसं वाटलं की मी डोळे न उघडता ते दोन्ही हात हातात घेतले आणि कुरवाळले. मऊ होते, फारच मऊ, आत हाड नसल्यासारखे. मी बोटांवरून अंगठा फिरवला. नखं नव्हती.

डोळे उघडले तर माझे दोन हात रिकामे, चिखलाचा वास येणारे. मुलं दगडापाशी. ती माझ्याकडे बघत होती, पण हलली नव्हती.

मग मी पुन्हा मोजलं, आणि पुन्हा. का ते मलाच कळत नाही. हट्टच म्हणायचा. मला माझी पोरं माझ्या गुडघ्याला हवी होती. दोन्ही वेळा हात आले. दोन्ही वेळा ते माझ्या मुलांचे नव्हते.

थोरलीला हाताला धरून आणली आणि झाप झाप झापली. ती रडायला लागली. म्हणाली, ती निघाली होती, दोनदा निघाली होती, पण माझा गुडघा आधीच कुणीतरी घेतला होता. तुला गुडघे दोनच आहेत, मग आम्ही हात कुठे लावायचा, असं तिने मलाच विचारलं. कुणी घेतला म्हणून विचारलं तर तिने लव्हाळ्याकडे बोट दाखवलं आणि धाकट्याने मान डोलावली.

नवऱ्याला सांगितलं, आत्ताच्या आत्ता सामान आवर. तो म्हणाला, लहान मुलांची कल्पनाशक्ती असते, आणि तू दमली आहेस. तू दमली आहेस हे त्याचं सगळ्यावरचं औषध आहे. रजा पाच दिवसांची आहे, ती मिळवायला त्याने साहेबांपुढे किती नाक घासलंय ते मला पुन्हा ऐकवलं. भांडायला आवाजच उरला नव्हता, नाहीतर दाखवलं असतं.

मला भीती वाटते. लिहून टाकलं. आता मोजायचं नाही. तो राखणदार सांगत होता तेव्हा निमूट ऐकायला हवं होतं.

मंगळवार, १५ एप्रिल, सकाळ

आवाज पूर्ण गेला. तोंड उघडलं की नुसती हवा. नवऱ्याने दोनदा सुचवलं की शांतता किती छान वाटते. त्याच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटलं.

मुलांना प्रत्येक वेळी जाऊन हाताला धरून आणते. ओढ्यापासून लांब ठेवते. सकाळपासून गुडघ्यांना काही लागलं नाही. उद्या निघायचंच, मग त्याची रजा संपो न संपो.

दुपार, साडेबारा

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

नूडल्स ढवळत होते. मुलं तंबूच्या दाराशी, माझ्यापासून चार पावलांवर. ओढ्याकडून कुणीतरी एक म्हणालं. आवाज माझा. माझा बालवाडीतला आवाज, सावकाश, शेवटी जरासा वर जाणारा. मी तोंडावर हात धरला. तोंड मिटलेलं होतं.

दोन म्हणालं तशी दोघं उठली. झोपाळ्यातून नवरा डोळे न उघडता म्हणाला, वा, आला का आवाज परत. तिसऱ्या आकड्याला दोघं पळत सुटली. माझ्यासाठी कधी एवढी पळाली नव्हती. मी ओरडत होते आणि काहीच ऐकू येत नव्हतं. थोरलीचा फ्रॉक हाताला लागला, तिला मागे फेकलं. धाकटा पाण्यात शिरला होता, छातीपर्यंत, पार लव्हाळ्याशी. हात पुढे केलेला. बरोबर माझ्या गुडघ्याच्या उंचीवर.

ओढून आणला. मला बोचकारत होता. नवरा हसत आला, आज कशी एका दमात ऐकतात बघ, म्हणत. मग त्याने माझं तोंड बघितलं, हलणारं, आवाज नसलेलं. आणि त्याच वेळी लव्हाळ्यातून स्वच्छ ऐकू आलं, पाच. त्याचं हसणं तिथेच राहिलं.

धाकटा हुंदके देत सांगत होता की इथे जागाच नसते. तिकडच्या आईचे दोन्ही गुडघे रिकामे आहेत.

दीड वाजता

गाडी सुरू होत नाही. दोन दिवस मुलं आतले दिवे लावून खेळत होती आणि बापाने खेळू दिलं. बॅटरी उतरली. मी एरवी यावर महिनाभर बोलले असते.

तो राखणदाराकडे गेलाय, पळत. येताना त्याची जीप घेऊन येईल. सगळ्यांनी जायचं तर वाट अख्खी ओढ्याच्या काठाने जाते, म्हणून आम्ही तिघं गाडीत. काचा वर. दारांची बटणं खाली दाबली आहेत. निघताना रडत होता. बजावून गेला की कुणीही बोलावलं तरी उतरायचं नाही, त्याने बोलावलं तरीसुद्धा.

मी मागच्या सीटवर मधोमध, धाकटा मांडीवर, थोरली शेजारी. दोघांचे हात माझ्या गुडघ्यांवर ठेवून घेतलेत. थोरली प्रश्न विचारते, मी वहीत मोठ्या अक्षरांत उत्तर लिहिते, ती बोट ठेवून वाचते. पहिलीत आहे, जोडाक्षरांना अडखळते. बाबा कधी येणार. लवकर. तू का बोलत नाहीस. घसा दुखतो.

दोन वाजून गेले

काही नाही. नुसतं ऊन. धाकटा पेंगतोय — बरंय —

पाणी गळल्यासारखा आवाज. गाडीच्या मागे. मागे पाणी नाही.

—

एक.

इतकं जवळून. काचेला तोंड लावल्यासारखं. धाकटा जागा झाला, उठतोय — एका हाताने आवळून धरलाय — दुसऱ्याने लिहितेय —

थोरलीला लिहून दाखवलं: ती मी नाही. आई इथे आहे. तिने वाचलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ.

दोन.

आता रागावतेय बाहेरून. शब्द न् शब्द माझे — ऐकू येत नाही का — किती वेळा सांगायचं — दिवसभर तुमचं हेच —

थोरली माझ्यापासून सरकली. हळूच म्हणाली, माझी आई अशी गप्प कधीच नसते. माझी आई ओरडते. ती बाहेर आहे.

गुडघ्यावरचा हात काढला तिने

तीन.

बाळा मीच आई बघ माझ्याकडे — मी परत कधी ओरड —

वाचत नाही. वहीकडे बघतच नाही — दाराचं बटण —

धाकट्याला सोडलं तर हा जाईल — नाही सोडलं तर ती —

चार

बटण वर — कडी — हात एकच आहे, पेन टाकून तिला ध