पोळीच्या खिळ्यावरचा बिल्ला

आई, आज ऑफिसात एका नव्या मुलीवर मी उगाच खेकसले आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. आम्ही सध्या एका रुग्णालयासाठी मोबाइलवरची स्क्रीन बनवतोय. रुग्णानं उद्याच्या जेवणाचं सांगायचं: साधं, पथ्याचं, की नको. तीन गोल, त्यातला एकच निवडता यायला हवा. तिच्या स्क्रीनवर 'साधं'ही निवडलं जात होतं आणि 'नको'ही, दोन्ही एकदम. तिनं तिन्ही गोल सुटेसुटे ठेवले होते, एका गटात बांधायचे राहून गेले होते. मी म्हटलं, अगं, एका गटात घाल त्यांना, म्हणजे एकावर बोट ठेवलं की आधीचा आपोआप सुटेल. हे समजावताना मी नेहमी एका खाणावळीतल्या फळीचं उदाहरण देते. 'एका खाणावळीत' असंच म्हणते. ती खाणावळ माझ्या आईची होती, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या तोंडून निघालेलं नाही. लाज वाटायची सुरुवातीला, आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं.

कात्रजच्या त्या दोन खोल्या अजून डोळ्यांसमोर आहेत. स्वयंपाकघराच्या दाराशी तू ठोकलेली फळी, तिच्यावर तीन लांब खिळे, आणि प्रत्येकाखाली तुझ्या हातानं ऑइल पेंटनं लिहिलेलं: पोळी, भाकरी, आज नाही. जेवायला यायची ती सगळी इंजिनिअरिंगची पोरं, निम्मी विदर्भातली. प्रत्येकाला नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला. सकाळी कॉलेजला जाताना रात्रीसाठी हव्या त्या खिळ्यावर टांगायचा आणि रात्री ताटावर बसताना काढून घ्यायचा. खिळ्यांवर उरलेले बिल्ले बघून कोण यायचंय हे तुला कळायचं. बेत बदलला तर फोन करायचा, की तू तो बिल्ला 'आज नाही'वर टाकायचीस. एकदा एक जण म्हणाला, काकू, दोन पोळ्या आणि एक भाकरी असं चालेल का? तू तव्यावरची नजरही काढली नाहीस. "बिल्ला एकच आहे ना तुझ्याकडे? मग ठरव आणि टांग." त्या शहाण्यानं बिल्ला दोन खिळ्यांच्या मधोमध, फळीच्या कडेवर टेकवून ठेवला. त्या रात्री सगळ्यांना पोळी-भाकरी मिळाली आणि त्याला तू नुसता वरण-भात वाढलास, तोही अगदी आग्रहानं. आम्ही हसून हसून बेजार.

माझाही बिल्ला होता, बिननंबराचा. नोकरी लागली तरी तू तो फळीवरून काढला नाहीस. घरची असलीस तरी नियम तोच, म्हणालीस. आणि तुझा स्वतःचाही एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. पोळीच्या नाहीतर भाकरीच्या खिळ्यावर एक जरी बिल्ला लटकत असला, तरी तू जेवायला बसायची नाहीस. मी हिंजवडीला जायला लागले, सकाळी निघताना बिल्ला पोळीवर टांगून. कधी काम असायचं, कधी नुसत्या गप्पा, कधी ऑफिसातच पिझ्झा मागवायचे सगळे. एक फोन केला असता तर पुरे होतं. मी करायचे नाही. घरी यावं तर पोरं कधीच जेवून गेलेली, भांडी घासून पालथी घातलेली, आणि तू ओट्याला टेकून बसलेली, शेजारी माझं झाकलेलं ताट. भूक नाही गं, असं मी सांगायचे. बरं, म्हणायचीस, आणि मग तुझं पान वाढून घ्यायचीस. तुला साखरेचा त्रास सुरू झाला, गोळी घेतली की वेळेवर जेवायलाच हवं असं डॉक्टरांनी बजावलं, तेही मला ठाऊक होतं. ते बजावलं तेव्हा मी तिथेच उभी होते.

त्या संध्याकाळी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. केक झाला, पिझ्झा झाला, मी आरामात बसून राहिले. तेवढ्यात घरमालकीणबाईंचा फोन आला, की तुझी आई स्वयंपाकघरात पडलीय. दवाखान्यात पोहोचले तेव्हा तुला सलाइन लावलेलं होतं आणि तू शुद्धीवर आली होतीस. डॉक्टर चिडलेले. गोळी घेऊन उपाशी का राहिल्या या, घरात कुणी बघत नाही का? आणि मी काय बोलले ते तुलाही आठवत असेल. "अहो डॉक्टर, ती ऐकतच नाही हो कुणाचं. कितीही सांगा." तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही, रागानं बघितलं असतंस तर मी निभावून नेलं असतं. मग डॉक्टरांना म्हणालीस, "हो, माझंच चुकतं." दुसऱ्या दिवशी फळीवर माझा बिल्ला पोळीच्याच खिळ्यावर होता आणि त्याला आपण दोघींनीही हात लावला नाही. पुढे तू गेलीस ती वेगळ्याच दुखण्यानं, म्हणून मला कुणी काही बोललं नाही. मला त्याचं हायसं वाटलं होतं, आई. तेही सांगून टाकते.

तर आजचं. गट बांधून झाल्यावर त्या मुलीनं साधाच प्रश्न विचारला. मॅडम, रुग्णानं काहीच नाही निवडलं तर? पहिला गोल आधीच भरून ठेवू का, 'साधं' म्हणून? सगळे तसंच करतात, तिचं काही चुकलं नव्हतं. माझा आवाज एकदम चढला. "काही सांगितलं नाही म्हणजे जेवणार असं कुणी ठरवलं? तिकडे कुणीतरी ताट वाढून बसेल!" आख्खा मजला बघायला लागला. ती पोरगी सॉरी सॉरी म्हणत राहिली, आणि खरी हकीकत सांगून तिची माफी मागायची हिंमत काही मला झाली नाही. डोकं दुखतंय म्हणून मी घरी निघून आले.

फळी माझ्याकडेच आहे, विश्रांतवाडीच्या घरात, माळ्यावर. आल्या आल्या खाली काढली. पोरांचे बिल्ले कधीच हरवले, माझा तेवढा आहे. तो मी सुतळीनं त्याच, पोळीच्या खिळ्याला बांधून ठेवलाय. हे लिहून झालं की पुसून टाकणार आहे, लॅपटॉप कंपनीचा आहे. पण एवढं ऐकून ठेव. फोन करायला मी विसरायचे, असं तू लोकांना सांगायचीस. मी एकदाही विसरले नव्हते. फोन केला असता तर तू बिल्ला 'आज नाही'वर टाकला असतास आणि वेळेवर जेवून घेतलं असतंस. तिकडे कुणीतरी आपल्यासाठी उपाशी बसलंय, हे माहीत असलं की मला ऑफिसात बसून राहायला बरं वाटायचं.