मागच्या छपरीतला गीझर

गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४

राजदीप निघून गेला. गॅसचा गीझर खोक्यातच!

पांढरकवड्यातल्या निम्म्या घरांत गॅसची कामं यानेच केलीत म्हणे. पण काय हेकट माणूस! मी बाथरूममध्ये जागा दाखवली — आरशाच्या वर भिंत मोकळीच आहे. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. "आतमंधी लावत नाई काकू." म्हटलं, काहून? पलीकडच्या गल्लीत तर आतच लावलाय. "ज्यानं लावला त्याले बोलवा मंग." पिशवी उचलली आणि चालू लागला. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही. दोन्ही कप मीच प्यायले.

तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली. भल्याभल्यांना रांगेत उभं केलं. आणि घरी आलेला मिस्त्री माझं ऐकत नाही.

गीझर काही माझ्या चैनीसाठी नाही. मला बादलीभर पाणी पुरतं, ते रॉडवर तापतं. पण अठ्ठावीस डिसेंबरला अर्पिता येणार. पहिलं बाळंतपण माहेरी. जानेवारीच्या शेवटी तारीख आहे. बाळंतिणीला कढत पाणी, बाळाला कोमट, दुपट्यांना वेगळं — आणि आमच्याकडची लाइट, तिचा काय भरवसा!

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून या घरात माझ्याशिवाय कोणी आंघोळ केलेली नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

हैदराबादला फोन केला. गीझर आणल्याचं सांगितलं. अर्पिता म्हणाली, "आई, एवढं काहून करून राहिली तू?" म्हटलं, तुझ्यासाठी नाही तर कोणासाठी? "बघू गं," म्हणाली. तेवढ्यात तिच्याकडे कोणीतरी आलं.

सोमवार, २ डिसेंबर

नमतं घेतलं. राजदीपला मीच फोन केला. नाक मुठीत धरून म्हटलं, तू म्हणशील तिथे लाव बाबा.

तो सकाळी दहालाच हजर. गीझर मागच्या छपरीत लावला — बाथरूमच्या दारापासून दूर, पार टोकाला. सिलिंडर त्याच्या खाली, उभा. वर पत्रा, बाजूला कमरेएवढी भिंत, बाकी सगळं उघडं. बाथरूमपर्यंत गरम पाण्याचा पाइप नेला. मी म्हटलं, इथे वांदरं येतात, नळ्या ओढतील. त्याने लोखंडी जाळी आणून बसवली. मग प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला आणि वाकून बुडबुडा येतो का ते पाहत बसला. पाच मिनिटं एकेका जोडापाशी! आमच्या यांनी माझ्याकडे कधी इतका वेळ निरखून पाहिलं नसेल.

नळ सोडला तशी आत निळी ज्योत उठली. "अशी निळीच पाह्यजे काकू. गीझर हवा खाते. हवा कमी पडली का जो धूर होते तो दिसत नाई, त्याले वासबी नाई. मानूस झोपल्यावानी जाते. म्हनून हा बाहेरच राह्यला पाह्यजे." मी म्हटलं, बाहेरच तर आहे. माझं अर्धं लक्ष पाळणा कुठे टांगायचा याच्याकडे होतं.

आज त्याने चहा घेतला. त्याची मुलगी खुशी चौथीत आहे, तिला गणित आवडत नाही. अर्धा तास बसला. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज बरा वाटला.

गुरुवार, ५ डिसेंबर

कढत पाण्याने आंघोळ! तीन बादल्या. उगाच. ज्योतीचा व्हिडिओ काढून अर्पिताला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. ऑफिसात असेल.

सोमवार, ९ डिसेंबर

नंदाबाई आली होती. केळापूरच्या पुढच्या तांड्यावरून, एसटीने. अर्पिता जन्मली तेव्हा तिची आणि माझी मालिश हिनेच केली. आता सत्तरीला आली, पण मनगटात तीच ताकद आहे. सव्वा महिना रोज यायचं कबूल केलंय. त्याआधी तेवीसला, सोमवारी, एकदा चक्कर टाकणार आहे.

सगळं घर फिरून पाहिलं. खोली पसंत. मग मागे आली आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "याडी, माय गं! विमलताई, ह्या वाऱ्यात लेकीले न्हाऊ घालतं का तुमी? बाथरूमातून निघाली का ओल्या अंगावर वारा! जलमभर कंबर धरून बसन पोरगी." मी म्हटलं, बाहेर शेगडी ठेवू. "शेगडीनं काय होते? बंद करा हे समदं."

खरंच की. माझ्या बाळंतपणात आईने खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. सव्वा महिना झुळूक म्हणून लागू दिली नाही. मला कसं सुचलं नाही! अर्पिता आली असती आणि मी तिला वाऱ्यात उभी केली असती. स्वतःचाच राग आला.

बुधवार, ११ डिसेंबर

झालं! दोन दिवस दुसरं काही केलं नाही. बाजारातून जाड ताडपत्री आणली, सुतळी आणली, स्टुलावर चढून छपरीच्या तिन्ही बाजू बांधून काढल्या. अंगणात जायला एका कडेला पडद्यासारखी फट ठेवली, तिच्यावर यांचं जुनं ब्लँकेट सोडलं. पत्र्याखालच्या फटींत माझी दोन लुगडी गेली. बाथरूमच्या झरोक्यातही उशी बसवली. आता मेणबत्ती लावली तर हलणार नाही इतकं बंद. एकसष्टाव्या वर्षी एकटीने केलं. हात सोलवटले, पण शाबास विमल!

कोणी शाबास म्हणायला नाही, म्हणून स्वतःच लिहिलं.

शनिवार, १४ डिसेंबर

डोकं फार दुखतंय. स्टुलावर चढउतार जास्त झाली असेल.

सोमवार, १६ डिसेंबर

पुन्हा डोकं. सकाळी उठते तेव्हा ठीक असते. आंघोळ करून आले की कपाळावर दगड ठेवल्यासारखं, मळमळ, पाय जड. दुपारी बाजारात गेले की उतरतं. म्हणजे घरात बसलं की दुखतं, बाहेर गेलं की थांबतं. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. एकटेपणा. अर्पिता आली की जाईल.

गीझरची ज्योत आज पिवळी होती. समईसारखी. छान दिसते.

मंगळवार, १७ डिसेंबर

अर्पिताचा फोन. चार मिनिटं. "तब्येत बरी नं तुझी?" — बरी आहे. डोक्याचं सांगितलं नाही. तिनेही काहीतरी सांगायला घेतलं आणि थांबली. म्हणाली, "मग बोलू."

गुरुवार, १९ डिसेंबर

अक्षर वाकडं येतंय. तरी लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

सकाळी आंघोळीला बसले. दार पुरतं लावलं नव्हतं — लावायचं तरी कोणासाठी? दोन तांबे अंगावर घेतले आणि तिसरा उचलेना. हातच माझा वाटेना. उठायला गेले तर पाय नव्हते. भीतीसुद्धा वाटली नाही, उलट झोपावंसं वाटलं. इथेच, पाटावर. छान ऊब होती. मग कुठून कोण जाणे, डोक्यात आलं, नंदाबाई सोमवारी येईल. आज गुरुवार. सोमवारपर्यंत कोणी येणार नाही.

त्या विचाराने हलले. रांगत दाराबाहेर, रांगत छपरीतून, ब्लँकेट ओढून अंगणात. तिथे उलटी झाली. ओल्या अंगावर टॉवेल ओढून पडून राहिले, तासभर तरी. हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. शेजारी कोणीतरी कुकर लावला होता. आधी वाटलं, शी, कोणी पाहील. मग वाटलं, कोणी पाहणार नाही. दुसरं जास्त लागलं.

आत नळ चालूच होता. टाकी रिकामी झाली तेव्हा गीझर आपोआप विझला. मग मोबाइल शोधून राजदीपला लावला. त्यालाच का? सुचला तो. त्याने गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. दोन तास नाकाला ऑक्सिजन. नर्सने विचारलं, नातेवाईक कोण? राजदीप म्हणाला, "मी हाओ नं."

शुक्रवार, २० डिसेंबर

राजदीप आला. काल घाईत त्याने छपरी नीट पाहिली नव्हती. आज पाहिली. खिशातून चाकू काढला आणि ताडपत्री वरपासून खालपर्यंत फाडली. तिन्ही बाजू. लुगडी ओढून काढली, झरोक्यातली उशी काढली. मग पायरीवर बसला.

"काकू, मी बाहेर लावला होता. तुमी बाहेरचंच आत करून टाकलं."

मी म्हटलं, लेकीला वारा लागू नये म्हणून. तो म्हणाला, "वाराच तं पाह्यजे होता." चिडला असता तर मीही चिडले असते. पण तो चिडला नाही.

नंतर गीझर उघडून साफ केला, पुन्हा फेस लावून प्रत्येक जोड पाहिला. नळ सोडला — निळी ज्योत. "आता काई भेव नाई. फक्त हे उघडं राह्यलं पाह्यजे. अन् थोडे दिवस दार लावू नका, कोनी घरात असल्याबिगर आंघोळ करू नका." हसू आलं मला. घरात कोण असणार!

आज बादलीत पाणी घेऊन अंगणात हातपाय धुतले. तेवढंच.

रविवार, २२ डिसेंबर

नंदाबाई एक दिवस आधीच आली. मोकळी छपरी पाहून कपाळाला आठ्या. सगळं सांगितलं तेव्हा मात्र खाली बसली. "मीच सांगतलं होतं नं तुमाले." किती वेळ तेच. म्हटलं, तू सांगितलंस, पण बांधली मी. मला तर राजदीपने समजावून सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरले. मालिश खोलीतच करू, अंग खोलीतच पुसू, आंघोळीला गरम पाणी बादलीने खोलीतच नेऊ, असं दोघींचं ठरलं.

म्हणजे आता सगळं व्यवस्थित आहे. सहा दिवसांनी अर्पिता येईल. मग सांगायलाच हवं का?

सांगितलं तर काय होईल ते मला दिसतंय. जावई अमर बिचारा चांगला आहे, पण त्याची आई म्हणेल, त्या घरात नाही पाठवायचं. पहिल्यापासून तिच्या मनात बाळंतपण हैदराबादलाच करायचं आहे. तिला आयतं कारण मिळेल. राजदीप बोलणार नाही, नंदाबाई बोलणार नाही. मी गप्प बसले की काम झालं.

खरं लिहिते. इथे तरी लिहिते. मला अर्पिता हवी आहे. तिचं बाळंतपण करायचं, आईचं कर्तव्य, हे सगळं म्हणायला झालं. मला घरात कोणीतरी हवं आहे. रात्री दुसऱ्या खोलीत कोणी खोकलं तरी चालेल. सव्वा महिना. त्यासाठी मी काहीही लपवायला तयार आहे — हे लिहिलं आणि घाबरले.

मंगळवार, २४ डिसेंबर

सांगितलं.

थंडी वाढली तर अर्पिता स्वतःच एखादी चादर बांधेल. मी झोपलेली असेन. बाळ तिच्या मांडीवर असेल. दोन दिवस हेच डोळ्यांपुढे. शेवटी सकाळी फोन लावला आणि एका दमात सांगितलं — ताडपत्री, लुगडी, पिवळी ज्योत, अंगणातला तास. काही गाळलं नाही.

अर्पिता म्हणाली, "गुरुवारी झालं हे? अन् मले आज सांगून राहिली?" मी म्हटलं, तू घाबरशील म्हणून. "तू कोणाले फोन केला होता तेव्हा?" राजदीपला. "मले नाही?"

"मी उद्या करते फोन," म्हणाली आणि ठेवला. आवाज रडवेला होता. येणार नाही आता. कळलंच मला.

बुधवार, २५ डिसेंबर

अर्पिताचा फोन आला. म्हणाली, "आई, तू खरं सांगितलं म्हणून मीही सांगते. आम्ही येणारच नव्हतो. इथल्या दवाखान्यात नाव दिवाळीतच घातलं. तू गीझर आणला, व्हिडिओ पाठवला — मंग कसं सांगू तेच कळेना." आणि हुंदके. सासूबाईंनी अडवलं का विचारलं. म्हणाली, नाही, तिचीच इच्छा होती.

म्हटलं, रडू नको, अशा दिवसांत रडू नये. मग विचारलं, मी येऊ का तिकडे?

"ये नं," म्हणाली. पण त्याच्या आधी थोडी थांबली.