सावलीत वाळवलेल्या बिया

प्रिय आत्या,

आज दुपारी सीताफळ खाताना हात आपोआप दुसऱ्या वाटीकडे गेला. तू गेलीस, तरी आपल्या घरात फळाबरोबर बियांची वाटी अजून येतेच. त्यातच दाराची बेल वाजली आणि पुढे जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. म्हणून हे पत्र. कुठल्या पेटीत टाकायचं ते नंतर बघू!

परवाच स्वप्नात आली होतीस. अंगात प्रयोगशाळेतला पांढरा कोट, खिसे बियांनी फुगलेले, चाललीस की खुळखुळ. मार्केट यार्डात माणूस नव्हतं, नुसते सीताफळांचे ढीग आणि धुकं. मी हाक मारली तर म्हणालीस, "थांब गं, वाळतायत." काय वाळत होतं? विचारायच्या आत जाग आली.

खऱ्या मार्केट यार्डात मात्र किती गजबज असायची! गर काढणाऱ्या बायका तुझ्यासाठी बियांची पोती बाजूला ठेवायच्या. एकीनं विचारलं होतं, "बाई, उवा माराया नेता व्हय?" तू म्हणालीस, "त्याहून मोठी कीड मरते का बघतेय." ती हसली. तू हसली नाहीस.

आणि घरी आलेले पाहुणे! "बिया टाकू नका, आम्हाला लागतात," असं तू भर पंगतीत सांगायचीस. बाबा म्हणायचे, "आमच्याकडे फळ पाहुण्यांचं, बी घरच्यांचं." लोक आपल्याला चिक्कू समजत असणार. बिया धुऊन तू गॅलरीत पसरायचीस, त्याही सावलीत. उन्हानं आतलं काहीबाही उडून जातं म्हणे. मी शाळेतून आले की त्या काळ्या चकचकीत बियांमध्ये बसून राहायचे. त्यांच्या पोटात औषध झोपलंय आणि तू ते हळूच उठवतेस, असं मला वाटायचं.

मग ज्या कॅन्सरवर औषध शोधत होतीस, तो तुलाच झाला. असं कुठे असतं का गं?

मी तेव्हा हिंजवडीत नवीनच लागले होते. कंपनीच्या इंटरनेटवर जे सापडेल ते छापून आणायचे. कुणीतरी फॉरवर्ड केलेली ती ईमेल आठवते? 'केमोपेक्षा कितीतरी पट गुणकारी बिया!' मला वाटलं, ह्या तर आपल्याच बिया, आत्या वाचली! तू चष्मा लावलास आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासावेत तशी लाल पेन्सिल चालवलीस. 'पेशी कुठल्या? मात्रा किती? माणसाला दिलं का?' मी रडकुंडीला येऊन विचारलं, "पण लागू पडेल का?" तू म्हणालीस, "अजून माहीत नाही." आणि केमोला जायला साडी बदललीस.

इतकी कोरडी का गं झालीस? नुसतं "बघू" म्हणाली असतीस, तरी मला त्या रात्री झोप लागली असती. त्याचा राग अजून आहे, खोटं कशाला सांगू?

तर आज दारात खालच्या मजल्यावरच्या वसुधाकाकू होत्या. डोक्याला स्कार्फ, हातात अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेला कागद. तीच ईमेल! "तुझ्या आत्याच्या बियांची पूड असेल तर दे. उद्याच्या केमोला मी जात नाही. नाही सोसत आता."

माझ्या हातात बियांची वाटी होती, आत्या. "घ्या" म्हणणं किती सोपं होतं! त्यांचा चेहरा उजळला असता. पण माझ्या तोंडून तूच बोललीस. "काकू, ही पूड डोळ्यात गेली तर डोळा जायचा, पोटात काय करील सांगता येत नाही. प्रयोगशाळेत बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरं. माणूस बरा होतो का, ते अजून माहीत नाही."

"तुझ्या आत्यानं घेतली नव्हती?"

"नाही."

"मग इतकी वर्षं केलं काय तिनं?"

किती लागलं ते! पण उत्तर आपसूक आलं. "तेच माहीत करून घेत होती. कुणाला खोटं सांगायला लागू नये म्हणून."

काकूंनी वाटीत हात घातला. एक बी उचलून बोटांत फिरवली आणि परत ठेवली. "वाळव नीट," म्हणाल्या. मग जिन्याच्या वळणावर थांबून विचारलं, "उद्या येशील माझ्याबरोबर?"

तुझी विद्यार्थिनी अजून तेच काम करते. बिया तिच्याकडे पोचवीन. आणि कुणी दारात येऊन विचारलंच, तर तुझं उत्तर देईन. फक्त तुझ्यासारखं तेवढ्यावर थांबणार नाही. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाईन, हात धरून बसेन. एवढं माझ्या पदरचं.

बिया गॅलरीत पसरल्यात. सावलीतच.

उद्या काकूंबरोबर निघालेली,
तुझी मुक्ता